तायडे मॅडमचा टीव्ही

तायडे मॅडमच्या घरचा टीव्ही पुढे कमी जायचा, मागेच जास्त जायचा. मॅडम पलंगाच्या काठावर, दुखरा गुडघा स्टुलावर, रिमोट हातात. समोर सतरंजीवर शाळेच्या पोरी मांडी घालून बसलेल्या. पडद्यावर कबड्डीचा सामना. एखादी मुलगी चढाईला निघाली की मॅडमचा अंगठा दाबला जायचा आणि चित्र जागच्या जागी थांबायचं.

"आता सांगा, तिचा डावा पाय कुठी हाये?"

"पुढं हाये, मॅडम."

"नाई मॅडम, वर हाये."

"डोये हायेत का सदऱ्याची बटनं? मागं घेते. पुन्हा पाहा."

अमरावतीत आमची भिंतीला भिंत लागून घरं होती आणि शाळाही एकच. मी विज्ञान शिकवायचो, त्या पी.टी. संध्याकाळी माझी बायको निवांत बातम्या लावायची आणि भिंतीपलीकडून "मागं! अजून मागं!" असा आवाज यायचा. पाहुणे दचकायचे. आम्ही सवयीनं चहा पुढे करायचो.

मॅडम बुटक्या आणि रुंद हाडाच्या. कडक इस्त्रीची साडी, पायात खेळाचे बूट, गळ्यात शिट्टी. लग्नकार्याला शिट्टी पर्समध्ये जायची, पण घरी राहायची नाही. मूळच्या त्या पातूरच्या. अमरावतीत आयुष्य गेलं, तरी बोलणं गावचं तसंच राहिलं आणि ते गुळगुळीत करावं असं त्यांना कधी वाटलं नाही. पुण्याकडून आलेल्या एका तपासणी अधिकाऱ्यानं मैदानाचा मोजमाप तक्ता मागितला, तर म्हणाल्या, "सायेब, मैदान बाहीर हाये. चालून पाहा." लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "पाहुने आले होते पाहाले. पन तवा माह्या मॅचचा टाईम होता."

मॅडम खोटं बोलत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगतो. अकोल्याला शाळांच्या स्पर्धा होत्या. दोन्ही शाळांचे गुण सारखे, वेळ संपत आलेली. समोरची मुलगी चढाई करून परत गेली. तिचा हात आमच्या एका पोरीच्या टाचेला लागला होता, पण पंचांना दिसलं नाही. त्या चढाई करणाऱ्या मुलीलाही नीटसं कळलं नव्हतं. इतक्यात मॅडम खुर्चीवरून उठल्या. "पंच, माह्या पोरीले हात लागला. ते बाद हाये."

झालं! हरलो आम्ही. परतीच्या एसटीत मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, पंचांना दिसलं नव्हतं."

"मले दिसलं होतं न."

"पण तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"तुमी पेपर तपासता, सर. पोरगं सांगाले येते का, माही चूक दाखवा म्हनून?" एवढं म्हणून त्या खिडकीकडे वळल्या. मूर्तिजापूरच्या स्टँडवर त्यांनी सगळ्या पोरींना कचोऱ्या खाऊ घातल्या, बाद झालेलीला दोन. माझा राग मात्र बडनेऱ्यापर्यंत टिकला.

त्याच्या पुढच्या वर्षी याच पोरी राज्याच्या अंतिम सामन्यात पोचल्या. खेळ दाखवणाऱ्या एका लहानशा मराठी चॅनलवर तो सामना थेट दिसणार होता. मॅडमनी नुकताच छत्रीच्या, म्हणजे डिशच्या टीव्हीचा नवीन बॉक्स घेतला होता. त्यावर चालू कार्यक्रम थांबवता यायचा, मागे नेता यायचा, साठवूनही ठेवता यायचा. निघण्याआधी त्यांनी रेकॉर्डिंग लावलं, पण मशीनवर काडीचा भरवसा नाही. म्हणून इंगळे काकांना टीव्हीपुढे बसवलं. "लाल दिवा इझला तर मले फोन करा."

इंगळे काका मॅडमच्या पुढच्या खोलीतले भाडेकरू. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, एकटेच. निवृत्त ते झाले होते, त्यांचे हात झाले नव्हते. दिसलं ढिलं की आवळलं. खिशात कायम पाना आणि पेचकस. माझ्या घरी चहाला आले तरी जाताना दाराची कडी घट्ट करून जायचे. अख्ख्या गल्लीत एक नळ टपकत नव्हता. कोणी "काका, लय चांगलं केलं" म्हटलं की त्यांचा दिवस साजरा.

त्या सामन्यात अखेरच्या चढाईला गुण बरोबरीत होते. चढाईला निघाली कविता. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईची मुलगी, काडीसारखी. चार जणींनी तिला कमरेला, पायाला धरलं. ती पोटावर आपटली आणि तशीच सरपटत, चौघींना ओढत, हात पुढे टाकत राहिली. बोटाचं एक पेर मध्यरेषेवर पडलं. शिट्टी वाजली. आपण जिंकलो! लाल दिवा विझला नव्हता. इंगळे काका जेवायलासुद्धा उठले नव्हते.

आता या रेकॉर्डिंगचा खरा उपयोग सांगतो. दर जूनमध्ये नवीन पोरी मैदानावर यायच्या आणि आठवड्याभरात अर्ध्या गायब व्हायच्या. घरून नाही म्हटलेलं असायचं. मॅडम त्या बापांना घरी चहाला बोलवत. बाप यायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि म्हणायचा, "मॅडम, पोरगी मोठी झाली आता. चड्डी घालून खेयते, लोकं पाह्यतात." मॅडम भाषण देत नसत. चहा देत आणि बटन दाबत. "हे कविता. तुमच्याच मोहल्ल्यातली. तिचा बाप बी असाच त्या खुर्चीवर बसला होता." कविता तोवर पोलिसात लागली होती, अकोल्याला. बाप आधी तिरका पाहायचा, मग सरळ. चहा निवायचा. कविता रेषेवर बोट टेकवायची आणि बाप घसा खाकरून म्हणायचा, "ते शेवटचं अजून एकखेप लावा न, मॅडम."

मग मॅडम स्वतःशीच हसत. पोरगी दुसऱ्या दिवशी मैदानावर. त्या एका रेकॉर्डिंगनं किती पोरी घराबाहेर काढल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं विज्ञान इतक्या घरांत कधी पोचलं नाही.

आणि एक दिवस टीव्हीवर पट्टी आली. प्रिय ग्राहक, अमुक तारखेपासून आपल्या बॉक्सवरील रेकॉर्डिंगची सुविधा बंद होत आहे.

भानगड अशी होती. चालू कार्यक्रम थांबवून मागे न्यायची जी युक्ती, तिचं पेटंट आपल्याकडे आहे असं परदेशातल्या एका कंपनीचं म्हणणं. आमच्या छत्रीवाल्या कंपनीनं तीच युक्ती न विचारता बॉक्समध्ये घातली, म्हणून दोघांचं कोर्टात जुंपलेलं. शेवटी तडजोड झाली. जुन्या बॉक्समधली युक्ती बंद करायची, तीही घरी न येता, वरूनच, छत्रीच्या वायरीतून. साठवलेलं जे असेल त्याला कुलूप. ज्याला हवं असेल त्यानं नवीन बॉक्स विकत घ्यावा. आणि झालेल्या गैरसोयीबद्दल काय? तर महिनाभर कार्टूनची चॅनलं फुकट!

"कार्टून कोनाले? मले?" मॅडम पेटल्या. "एकाची युक्ती दुसऱ्यानं उचलली म्हन्ते. उचलली असंन तर बाद त्यानं व्हावं. मी काहून बाहीर बसू?"

मी म्हटलं, "मॅडम, भांडू मग. आधी मोबाईल धरून ते टीव्हीवरचं शूटिंग करून घेऊ."

"चोरावानी? घर माहं, पोरी माह्या, अन् मी लपून काढू?"

"लपून कुठे? आपल्याच घरात..."

"आज मोबाईलवर काढलं म्हंजे उद्या त्याहीनं बंद केलेलं मी कबूल केलं. नाई जमत."

अशी चीड आली मला! चांगलं सांगतो आहे तर ऐकायचं नाही. त्या चॅनलकडे प्रत मागावी म्हणून शोधलं, तर ते चॅनलच बंद पडलेलं. म्हणजे जे होतं ते त्या काळ्या डब्यात. शेवटी मी एवढंच समजावलं की कुलूप वायरीतून येणार आहे, तर वायरच काढून ठेवा. ते पटलं. मॅडमनी बॉक्सची वायर उपसली, गुंडाळी करून टीव्हीमागे ठेवली. बाकी काही दिसेना, पण रेकॉर्डिंग चालत होतं. "आता पाह्यतो कसे येतेत आभायातून."

मग सुरू झाली मॅडमची चढाई. ज्यांच्या ज्यांच्या घरी तसला बॉक्स होता त्या सगळ्यांना त्यांनी गाठलं. कोणी नातवाचा टीव्हीवरचा नाच साठवलेला, कोणी स्वयंपाकाचे कार्यक्रम. सगळ्यांच्या सह्या. कंपनीच्या फोनवर तासन्‌तास तेच संगीत वाजायचं. एकदा मॅडमचा धीर सुटला, त्यांनी गळ्यातली शिट्टी उचलली आणि फोनमध्ये फुंकली. पलीकडून खरोखरचा माणूस बोलला. अजूनही मला कळलेलं नाही, तो शिट्टीनं आला की योगायोगानं. मॅडमना मात्र शंका नव्हती.

विभागाचं ऑफिस अकोल्याला. मी सोबत गेलो. तिथला साहेब चांगला माणूस होता, पण त्याच्याजवळ वाक्य एकच. "मॅडम, कोर्टाचं मॅटर आहे, आमच्या हातात नाही."

"साठवलेलं पुसनार का?"

"पुसणार नाही. बॉक्समध्येच राहील. फक्त लॉक होईल. त्याची चावी हेड ऑफिसकडे."

"मंग चावी हाये न? तुमच्या समोर, तुमच्या ऑफिसात, एक घंटा उघडा. मी माहं घेते अन् जाते. लेखी द्या."

तो म्हणाला, मेल करतो. मॅडम बाकावर बसल्या. ऑफिस बंद होईपर्यंत बसल्या. रात्री आम्ही कविताच्या क्वार्टरमध्ये मुक्काम केला. कवितानं भाकरी आणि झुणका वाढला, मॅडमच्या गुडघ्याला तेल चोळलं आणि त्यांचं सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमी सोडू नका." सकाळी मॅडम पुन्हा त्याच बाकावर. दुपारी साहेबानं लिहून दिलं की विनंती वरिष्ठांकडे पाठवली आहे. कागद हातात आल्यावर मॅडम म्हणाल्या, "एक गुन आपला."

आम्ही अमरावतीला पोचलो तर इंगळे काका फाटकाशीच उभे. तुळशीला पाणी घालायला मॅडम त्यांच्याकडे किल्ली ठेवून गेल्या होत्या. चेहरा आनंदानं फुललेला. घरातून टीव्हीचा आवाज येत होता. कार्टून! एक उंदीर मांजरामागे पळत होता.

"मॅडम, टीव्हीची वायर निंघून पडली होती न. लावून देल्ली. अशी आवयली, आता भूकंप आला तरी हालत नाई."

माझं तोंड उघडलं. मॅडमनी माझं मनगट दाबलं. सावकाश आत गेल्या, रिमोट उचलला, रेकॉर्डिंगचं बटन दाबलं. पडद्यावर आलं, ही सुविधा या बॉक्सवर उपलब्ध नाही. त्यांनी ते वाचलं. मग टीव्ही बंद केला.

"बरं केलं, काका," त्या म्हणाल्या. "चहा घेता?"

ग्राहकांच्या कोर्टात तक्रार लागली. सह्या करणारे सगळे आले. मॅडमची मागणी दुहेरी होती. सगळ्यांना चालणारा बॉक्स फुकट द्या आणि माझं कुलूप एकदा उघडा. कंपनीचा वकील तरुण, बोलायला गोड. त्यानं कागद चाळले आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही लिहिलं आहे की वायर काढून ठेवली होती. मग अपडेट बॉक्सपर्यंत पोचला कसा? वायर कोणी जोडली?"

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाव येणार. इंगळे काकांना बोलावणं जाईल, तेही कौतुकानं सांगतील की मीच लावली, मॅडमला काही कल्पना नव्हती आणि प्रश्न मिटेल. भर मैदानात स्वतःच्या पोरीला बाद सांगणारी बाई ही.

"मी जोडली," मॅडम म्हणाल्या.

"सूचना वाचलेली असताना? काय होणार ते माहीत असताना?"

"हो."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही नको होतं. निकाल आला तेव्हा तक्रार करणाऱ्या सगळ्यांना नवीन बॉक्स विनामूल्य मिळाले. मॅडमची कुलुपाची मागणी फेटाळली गेली. परिणाम माहीत असून त्यांनी स्वतः वायर जोडली, म्हणून. साठवलेलं सगळं डब्यातच होतं, पण ते आता कोणी उघडणार नव्हतं.

पायऱ्यांवर मी फुटलो. "मॅडम, हे काय करून बसलात? एक शब्द बोलायचा होता! खरा होता तो!"

"सर, त्या म्हाताऱ्याले समजलं, तर उद्यापासून तो कोनाच्या घरचा नळ आवयनार नाई. मंग दिवसभर करंन काय तो?"

"आणि तुमच्या पोरी? जूनमध्ये कोणाला काय दाखवणार?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहत होतो. मग नाक ओढून म्हणाल्या, "खोटं बोलली मी, सर. अन् पंचाले दिसलं नाई."

संध्याकाळी इंगळे काका माझ्याकडे आले, निकालाची बातमी कळून. फार हळहळले. फाटकाशी मॅडम दिसल्या तसे तिथूनच ओरडले, "मॅडम, एवढ्या हुशार तुमी, अन् मी आवयलेली वायर काढून पुन्हा काहून लावली हो? मले आवाज देला असता!"

"चुकलं, काका," मॅडम म्हणाल्या. मी घरात निघून गेलो. मला तिथे उभंच राहवेना.

पुढे जून आला. नवीन बॉक्स रिकामा, टीव्हीवर कापड. मैदानावर रोशनी नावाची एक पोरगी आली होती, मॅडमच्या भाषेत 'पायात इंजिन असलेली', आणि चारच दिवसांत यायची थांबली होती. तिचे वडील खंडारे, ऑटो चालवायचे. मॅडमनी त्यांना रविवारी सकाळी चहाला बोलावलं. मला कळलं तेव्हा वाटलं, आता बाई त्या माणसाला काय दाखवणार?

त्याच वर्षीच्या थंडीत मॅडम गेल्या. दवाखान्यात मी भेटून आलो होतो, पण तिथल्या मॅडम मला आठवायच्या नाहीत. मला आठवतो तो रविवार.

बाहेर गलका ऐकून मी भिंतीवरून डोकावलो. मॅडमच्या अंगणात इंगळे काका फक्कीनं रेषा ओढत होते, आणि ओढून झाल्यावर पायानं दाबून घट्टही करत होते. अंतिम सामन्यातल्या पोरी आलेल्या. पोरी कसल्या, बाया त्या आता! कोणी अंगानं भरलेली, कोणी लेकरू आईकडे देऊन आलेली, कविता अकोल्याहून पहाटेच्या गाडीनं. पदर खोचलेले, ओढण्या कमरेला बांधलेल्या. रोशनी पायरीवर बसून डोळे फाडून पाहत होती. अडवणाऱ्यांच्या साखळीत एक जण कमी पडत होती, म्हणून मॅडमनी खंडारेंना चहाच्या कपासकट उठवलं. "भाऊ, कप ठेवा. हिचा हात धरा अन् त्या कविताले अडवा. पोलीस हाये, घाबरू नोका."

कविता आली. चौघांनी तिला धरलं, त्यात खंडारे. ती पोटावर पडली, सरपटायला लागली.

"थांब!"

सगळे जागच्या जागी थांबले. एकीचा पाय हवेत. खंडारे कविताच्या घोट्याला धरून वाकलेले, तोंड उघडं. इंगळे काका शिट्टी तोंडात धरून, गाल फुगवून. मॅडम पायरी उतरल्या, दुखऱ्या पायानं, सावकाश, कोणाला घाई नाही अशा. त्या थांबलेल्या माणसांमधून चालत रोशनीला हाताला धरून आत घेऊन आल्या.

"आता सांग वं, हिचा डावा पाय कुठी हाये?"

रोशनीनं खाली वाकून पाहिलं आणि बरोबर सांगितलं.

"मागं!" मॅडम म्हणाल्या. आणि काय सांगू, सगळे मागे गेले! कविता उलटी सरपटली, बाया उलट्या पावलांनी रेषेपर्यंत गेल्या, खंडारेही गेले, हसत, अडखळत, एका हातानं घाम पुसत. पुन्हा चढाई झाली. कवितानं बोटाचं पेर फक्कीच्या रेषेवर टेकवलं, काकांची शिट्टी वाजली. खंडारे मातीत बसले होते, पँट पांढरी झालेली, धाप लागलेली. त्यांनी मान वर केली.

"मॅडम, ते शेवटचं अजून एकखेप घ्या न. मी नीट धरलं नव्हतं."

मॅडमनी अंगठा वर केला, हातात रिमोट असावा तसा, आणि हवेतच दाबला.